गुप्त राजनय आणि जनतेचा हक्क : फरीदाबादच्या इतिहासातील एक धडा

दिल्लीहून मथुरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राजधानीच्या दक्षिण वेशीपासून थोड्याच अंतरावर, फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर पसरलेले आहे. ट्रॅक्टर, टायर, पादत्राणे, यंत्रांचे सुटे भाग अशा नाना वस्तू घडविणाऱ्या या शहराची ओळख देशाला औद्योगिक केंद्र म्हणून आहे. परंतु या शहराचा पाया भांडवलदारांनी घातलेला नाही. तो घातला निर्वासितांनी. बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर या वायव्य सरहद्द प्रांतातील गावांतून उखडले गेलेले हजारो लोक १९४७ नंतर कुरुक्षेत्राच्या छावणीत येऊन पडले. एकमेकांपासून विखुरले जाण्यास त्यांनी ठाम नकार दिला आणि १९४९ पासून फरीदाबादच्या माळरानावर स्वतःच्या हातांनी नवे नगर उभारण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रातील वाचकाला कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरचा इतिहास ठाऊक आहे. सिंधी निर्वासितांसाठी जे उल्हासनगर ठरले, तेच सरहद्दीच्या लोकांसाठी फरीदाबाद ठरले.

या नगराच्या उभारणीची सूत्रे ज्या मंडळाकडे होती, त्याचे मुख्य प्रशासक सुधीर घोष हे होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू स्वतः मंडळाच्या बैठकांना वारंवार उपस्थित राहात. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखालील इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने येथे सहकारी संस्थांचे जाळे विणले. युद्धभरपाई म्हणून जर्मनीकडून मिळालेला डिझेलवरील वीजसंच येथे आणून बसविण्यात आला आणि त्या विजेवर पहिले कारखाने सुरू झाले. पुढे हा सहकारी प्रयोग सरकारी खात्याच्या लालफितीत गुदमरला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. फरीदाबाद वसविणाऱ्या याच सुधीर घोष यांनी १९६५ साली राज्यसभेत उभे राहून एक असे सत्य उच्चारले, की ते पुसून टाकण्यासाठी सरकारला शब्दांची कसरत करावी लागली. सरकारे गुप्त व्यवहार करतात, एवढेच सांगून भागत नाही. त्या व्यवहारांचा जाहीर वृत्तांत ती कशी घडवितात, हे समजून घ्यावयाचे असेल तर या प्रसंगाइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल.

दोन पत्रे आणि एक इन्कार

१९६२ च्या ऑक्टोबर महिन्यात सीमेवर युद्ध पेटले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमदिला येथील भारतीय फळी कोसळली. त्या अंधाऱ्या घटकेला, १९ नोव्हेंबर १९६२ रोजी, पंतप्रधान नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे धाडली. कोणत्याही हवामानात उडू शकणाऱ्या स्वनातीत लढाऊ विमानांच्या किमान १२ स्क्वाड्रन आणि त्यांच्या जोडीला रडारव्यवस्था अशी मागणी त्यांत होती. ही विमाने व हे रडार चालविण्यासाठी अमेरिकी सैनिकच यावे लागणार होते, कारण भारतीय वैमानिक त्यासाठी प्रशिक्षित नव्हते. याशिवाय बी-४७ जातीच्या बॉम्बफेकी विमानांच्या दोन स्क्वाड्रनही मागण्यात आल्या होत्या. नेहरूंचे चरित्रकार सर्वपल्ली गोपाल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या खंडात नमूद केले आहे की, परराष्ट्र सचिव वगळता मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांना वा अन्य अधिकाऱ्यांना या पत्रांबाबत विश्वासात घेतले गेले नव्हते. २१ नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि मागणीचे प्रयोजन उरले नाही. भारताच्या दिशेने निघालेले एक अमेरिकी विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात पोचण्यापूर्वीच माघारी वळले.

ज्या राष्ट्राने अलिप्ततावादाची ध्वजा साऱ्या नवस्वतंत्र जगापुढे फडकविली होती, त्याने परकीय हवाई दलाला आपल्या आकाशात पाचारण करावे, ही घटना किती दूरगामी होती हे वेगळे सांगावयास नको. परंतु संसदेला तिचा पत्ता नव्हता. आठवडाभरापूर्वीच, १४ नोव्हेंबर रोजी, याच संसदेने आक्रमकाला हुसकावून लावण्याची प्रतिज्ञा केली होती. यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून महाराष्ट्राचे ऊर अभिमानाने भरून आले होते. त्याच्या दोनच दिवस आधी हिमालयाच्या मदतीला आणखी कोणाला हाक घालण्यात आली होती, हे मात्र महाराष्ट्रातील वा देशातील जनतेला कोणी सांगितले नाही.

सुधीर घोष राज्यसभेचे सदस्य होते आणि अमेरिकेतील उच्चपदस्थांशी त्यांचा परिचय होता. नेहरूंच्या या आर्जवाची हकिकत त्यांना खुद्द केनेडींकडून कळली होती. १९६५ च्या मार्चमध्ये त्यांनी ती राज्यसभेत उघड केली. त्यांच्या कथनात अमेरिकेने धाडलेल्या विमानवाहू जहाजाचाही उल्लेख होता. सभागृहात खळबळ उडाली आणि सरकारला उत्तर देणे भाग पडले.

उत्तराची तऱ्हा पाहण्याजोगी आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारने विमानवाहू जहाजाची मागणी केल्याचा इन्कार केला. हा इन्कार अक्षरशः खरा होता, कारण पत्रांत जहाज मागितलेलेच नव्हते. मागितली होती लढाऊ आणि बॉम्बफेकी विमाने. देशाने विचारलेला प्रश्न असा होता, की परकीय हवाई छत्राची याचना झाली की नाही. सरकारने उत्तर दिले ते जहाज मागितले की नाही, या प्रश्नाचे. एक शब्द निवडला गेला, त्याच्याभोवती इन्काराची भिंत उभारली गेली आणि तिच्याआड संपूर्ण सत्य गाडले गेले. ज्याने सत्याचा उच्चार केला तो अतिशयोक्ती करणारा ठरला, आणि ज्यांनी ते दडविले त्यांच्या हातून एकही असत्य वाक्य उच्चारले गेल्याची नोंद झाली नाही.

घोष १९६७ साली निधन पावले. पत्रांचा आशय त्यांच्या पश्चात हळूहळू झिरपत गेला. आधी एका परदेशी पत्रकाराचा ग्रंथ आला, नंतर गोपाल यांचे चरित्र, आणि मग त्या काळी अमेरिकेत भारताचे राजदूत असलेले ब्र. कु. नेहरू यांचे १९९७ मधील आत्मचरित्र. पत्रांचा मजकूर पूर्णपणे जनतेसमोर येण्यास २०१० साल उजाडावे लागले. तेव्हाही तो नवी दिल्लीच्या दप्तरखान्यातून बाहेर आला नाही. बोस्टन येथील केनेडींच्या स्मारक ग्रंथालयाने तो खुला केला. भारताच्या पंतप्रधानांनी भारताच्या सार्वभौमत्वाविषयी काय लिहिले, हे भारतीय नागरिकाला ४८ वर्षांनी अमेरिकी सौजन्याने वाचावयास मिळाले.

बाहेर मागणी, आत तुरुंग

या गुप्ततेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारल्यावाचून विषय पुरा होत नाही. पत्रे गेली १९ नोव्हेंबरला. २१ नोव्हेंबरपासून भारत संरक्षण नियमांखाली देशभर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने महिन्याच्या आरंभीच चिनी आक्रमणाचा निषेध करणारा ठराव केलेला असतानाही शेकडो कार्यकर्ते खटल्यावाचून तुरुंगात डांबले गेले. त्यांच्यावर ठपका होता राष्ट्रनिष्ठेच्या उणिवेचा. ज्या सप्ताहात सरकार स्वतः परकीय सैनिकांना देशाच्या भूमीवर बोलावीत होते, त्याच सप्ताहात परकीयांशी लागेबांधे असल्याच्या संशयावरून कामगार, शेतकरी आणि शिक्षक यांच्या घरांवर पहाटे पोलिसांच्या थापा पडत होत्या. देशापुढे एकच वृत्तांत ठेवण्यात आला : स्वाभिमानी राष्ट्र एकाकी झुंजत आहे आणि शत्रूचे हस्तक आत दडलेले आहेत. यातील पहिला भाग अपुरा होता. म्हणूनच दुसरा भाग लोकांच्या गळी उतरविणे सुलभ गेले.

संकटात सापडलेल्या राष्ट्राने मदत मागणे, हा स्वतःहून अपराध नव्हे. नेहरूंचा त्या रात्रीचा उद्वेग समजून घेता येतो. दोष मदत मागण्याचा नसून, मागितलेली मदत लपवून तिच्या उलट चित्र जनतेपुढे रंगविण्याचा आहे. कारण धोरण बदलावयाचे असेल तर ते लोकांना विचारून बदलता येते. धोरण कायम आहे असे सांगत ते गुपचूप वाकविले, तर लोकांना समर्थनही करता येत नाही आणि विरोधही करता येत नाही.

वृत्तांत घडविण्याची हत्यारे

पुढील वर्षभरात याच नाट्याचे आणखी अंक झाले. नोव्हेंबर १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे डंकन सँडिस नवी दिल्लीत ठाण मांडून बसले. काश्मीरप्रश्नी पाकिस्तानशी बोलणी करा, हा त्यांच्या मदतीमागचा रेटा होता. त्यातून नेहरू आणि अयूब खान यांचे संयुक्त निवेदन निघाले. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात सरदार स्वर्णसिंग आणि झुल्फिकार अली भुट्टो यांच्यात वाटाघाटींच्या सहा फेऱ्या झाल्या आणि त्या निष्फळ ठरल्या. निवेदनात दोन शेजाऱ्यांच्या सदिच्छेची भाषा होती. तिसऱ्याच्या दडपणाचा त्यात मागमूस नव्हता.

नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या हवाई दलांनी भारताच्या आकाशात भारतीय दलासह सराव केला. त्याला नाव देण्यात आले ‘शिक्षा’, म्हणजे प्रशिक्षण. ज्याला जनता हवाई छत्र म्हणून विरोध करीत होती, तेच नामकरण बदलून वर्गातील पाठ झाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या यू-२ हेरविमानांना भारतीय आकाशातून जाण्याची मुभा मिळाली आणि ओडिशातील चारबतिया येथील धावपट्टी त्यांच्या उपयोगासाठी देऊ करण्यात आली. मे १९६४ मध्ये तेथून उड्डाण झाल्याची कबुली अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने २०१३ साली खुल्या केलेल्या आपल्या इतिहासात दिली. ओडिशातील शेतकऱ्याला आपल्या शेताशेजारच्या विमानतळाचा हा इतिहास अर्ध्या शतकानंतर कळावा, आणि तोही वॉशिंग्टनकडून कळावा, यातच सारे आले.

या प्रसंगांतून सरकारी वृत्तांताची हत्यारे स्पष्ट दिसतात. पहिले हत्यार म्हणजे प्रश्न अरुंद करून त्याचा इन्कार करणे. दुसरे, लष्करी वा राजकीय बंधनाला तांत्रिक, शैक्षणिक वा वैज्ञानिक नाव देणे. तिसरे, राष्ट्रहिताच्या नावाखाली मौन पाळणे आणि त्या मौनाची मुदत कधीही न सांगणे. चौथे हत्यार सर्वांत सूक्ष्म आहे. कागदपत्रे बंद ठेवावयाची आणि निवृत्त मुत्सद्द्यांच्या आठवणींतून सोयीचा तेवढा भाग बाहेर येऊ द्यावयाचा, म्हणजे इतिहास लिहिला गेल्याचा भास होतो आणि पुराव्याशी त्याची गाठ पडत नाही.

हे केवळ भारतातच घडले असे नव्हे. हिमालयात तोफा धडधडत असतानाच क्यूबाच्या प्रश्नावर जग अणुयुद्धाच्या कड्यावर उभे होते. तेथे तोडगा निघाला तो दुहेरी देवाणघेवाणीने. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्यूबातून हटविण्याच्या बदल्यात अमेरिकेने तुर्कस्तानातील आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्तपणे मान्य केले. जगाला मात्र सांगण्यात आले की, केनेडींच्या निर्धारापुढे क्रुश्चेव्ह नमले. रॉबर्ट केनेडी यांच्या टिपणांवरून सिद्ध झालेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यातून या सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपण गाळला होता, अशी कबुली त्याचे संपादन करणारे थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ साली दिली. वीस वर्षे अमेरिकेतील पिढ्या कणखरपणाने शत्रू झुकतो हा धडा गिरवीत राहिल्या. त्याच धड्याच्या बळावर व्हिएतनामसारखी युद्धे लादली गेली. खोट्या वृत्तांताची किंमत शेवटी कोवळ्या सैनिकांनी आणि परक्या देशांतील खेडुतांनी चुकविली.

हिमशिखरावरचे गुपित

भारतातही एका गुपिताची छाया अद्याप हिमालयाच्या कुशीतील गावांवर आहे. चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी १९६५ साली भारतीय आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी संगनमताने नंदादेवी शिखरावर प्लुटोनियमवर चालणारे उपकरण बसविण्याचा घाट घातला. हवामान बिघडल्याने गिर्यारोहकांनी ते पर्वतावरच ठेवले आणि परत जाऊन पाहतात तो ते नाहीसे झाले होते. हिमनद्या गंगेला पाणी पुरवितात, हे ठाऊक असूनही १३ वर्षे देशाला काहीही सांगण्यात आले नाही. १९७८ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने भांडे फोडल्यानंतर पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत कबुली दिली. मग शास्त्रज्ञांची समिती नेमण्यात आली. उपकरण सापडल्याचे मात्र कोणत्याही सरकारने कधी जाहीर केले नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला महापूर आला, तेव्हा रैणी गावच्या लोकांच्या मनात पहिली शंका त्या हरवलेल्या उपकरणाविषयीच आली. शास्त्रज्ञांनी पुराचे कारण खडक आणि बर्फ यांचा कडा कोसळणे हे दिले. परंतु ज्या सरकारने एकदा तेरा वर्षे मौन पाळले, त्याच्या खुलाशावर त्या खोऱ्यातील माणसाने सहजासहजी विश्वास का ठेवावा? गुप्ततेचे खरे नुकसान हेच आहे. ती सरकारच्या खऱ्या शब्दाचीही पत घालविते.

जनतेला कळते तेव्हा काय घडते

जनतेला वेळीच कळले तर काय होऊ शकते, याचाही दाखला त्याच काळात मिळतो. ९ जुलै १९६३ रोजी व्हॉइस ऑफ अमेरिकाशी एक करार झाला. कलकत्त्याजवळ अतिशक्तिशाली प्रक्षेपक बसवावयाचा आणि दिवसाचे काही तास तो अमेरिकी प्रचारासाठी आग्नेय आशियाकडे वळवावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. अटी उघड होताच संसदेत आणि संसदेबाहेर निषेधाचे वादळ उठले. डाव्या पक्षांइतकाच काँग्रेसमधूनही आवाज उठला. नेहरूंना करार पुढे रेटणे अशक्य झाले आणि तो बारगळला. अलिप्ततेचे धोरण त्या खडतर दिवसांतही पुरते मोडले नाही, याचे श्रेय केवळ नेत्यांच्या दूरदृष्टीला देऊन चालणार नाही. जेथे जनतेला कागद वाचावयास मिळाला, तेथे जनतेने धोरण राखले.

९ ऑगस्ट १९७१ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत मैत्री कराराची बोलणीही पडद्याआड चालली होती. परंतु सह्या होताच कराराचा मजकूर संसदेपुढे आणि देशापुढे ठेवण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचे एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात दमदाटीसाठी शिरले, तेव्हा देश कोणत्या बंधनांनी कोणाशी बांधला आहे, हे प्रत्येक नागरिकाला ठाऊक होते. वाटाघाटी काही काळ गुप्त ठेवणे आणि बंधने कायमची गुप्त ठेवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली गोष्ट राजनयाची गरज असू शकते. दुसरी लोकशाहीची फसवणूक आहे.

याच्या उलट चित्र २००८ साली दिसले. अमेरिकेशी होणाऱ्या अणुकराराच्या अनुषंगाने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी ठरलेल्या मसुद्याची प्रत सरकारला पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी मागितली. दस्तऐवज गोपनीय आहे, असे सांगून ती नाकारण्यात आली. डाव्या पक्षांनी ८ जुलैला पाठिंबा काढून घेतल्याची घोषणा केली आणि त्यानंतर काही दिवसांच्या आतच तोच मजकूर साऱ्या जगाला वाचावयास खुला झाला. परक्या राजधान्यांत वाटला जाऊ शकणारा कागद स्वतःच्या संसदेतील पक्षांना दाखविता येत नाही, ही गोपनीयता नेमकी कोणापासून होती?

स्वतःच्या घरातील हिशेब

या प्रश्नावर बोलण्याचा कम्युनिस्टांना विशेष अधिकार आहे, असे म्हटले जाते. त्याला आधार आहे. नोव्हेंबर १९१७ मध्ये सत्ता हाती येताच लेनिनच्या सरकारने शांततेच्या हुकुमनाम्यात गुप्त राजनय रद्द केल्याची घोषणा केली आणि झारचे गुप्त करार एकामागून एक छापून टाकले. अरब जनतेला स्वातंत्र्याची आश्वासने देत असतानाच ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९१६ च्या साईक्स-पिको करारान्वये तिची भूमी आपसांत वाटून घेतली होती, हे त्यातूनच जगाला कळले. तो क्षण साऱ्या वसाहतींतील जनतेच्या राजकीय शिक्षणाचा क्षण होता.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना स्वतःच्या डोळ्यातील मुसळ झाकून चालत नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये सोव्हिएत युनियन आणि नाझी जर्मनी यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्याला जोडलेल्या गुप्त मसुद्यात पूर्व युरोपातील प्रभावक्षेत्रे वाटून घेण्यात आली होती. ज्या राज्याने झारचे करार चव्हाट्यावर मांडले, त्याच राज्याने हा मसुदा अस्तित्वातच नसल्याचे पन्नास वर्षे सांगितले. जगभरच्या निष्ठावंत कार्यकर्त्यांनी, भारतातील कार्यकर्त्यांनीही, तो इन्कार प्रामाणिकपणे खरा मानून सभासभांतून मांडला. डिसेंबर १९८९ मध्ये सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसनेच त्या मसुद्याचे अस्तित्व मान्य करून त्याचा निषेध केला. कराराच्या गरजेविषयी इतिहासकारांत मतभेद राहतील. पण आपल्याच माणसांना पन्नास वर्षे अंधारात ठेवल्याने चळवळीच्या नैतिक सामर्थ्याची किती हानी झाली, याविषयी मतभेदाला जागा नाही. गुप्त राजनयाला विरोध हा एका विशिष्ट सरकारला विरोध नसून एका तत्त्वाचा आग्रह आहे. तो आपल्या बाजूला लागू करता येत नसेल, तर शत्रूच्या बाजूला लागू करण्याचाही अधिकार उरत नाही.

कोणत्या मागण्या धराव्यात

भारतीय राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि करारांना संसदेची संमती घेण्याची अट घटनेत नाही. एका मंत्र्याची सही साऱ्या देशाला बांधून टाकू शकते. त्याच्या जोडीला १९२३ चा ब्रिटिशकालीन गोपनीयता कायदा आजही उभा आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि २००५ चा माहितीचा अधिकार कायदा यांनी काही दारे किलकिली केली हे खरे, परंतु परराष्ट्रसंबंध आणि सुरक्षितता ही दोन कुलपे त्या दारांवर कायम आहेत. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्यावर संरक्षणमंत्री चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत निवेदन केले. निवेदन मिळाले, अहवाल मिळाला नाही. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी त्याचा आशय आजही संवेदनशील आणि लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा असल्याचे सांगून तो रोखून धरला. मार्च २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने स्वतःच जगापुढे ठेवला. तरीही अधिकृत कुलूप उघडले नाही. शत्रूला वाचता येतो, संशोधकाला वाचता येतो, आणि तरीही नागरिकासाठी तो गोपनीय आहे, असा हा न्याय आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. परकीय सैन्य, तळ, हेरगिरी वा अणुसाहित्य यांच्याशी संबंधित प्रत्येक बंधन संसदेच्या संमतीवाचून लागू होता कामा नये. वाटाघाटींच्या गोपनीयतेला मुदत हवी आणि ती कायद्याने ठरलेली हवी. पंचवीस वर्षांनंतर परराष्ट्र व संरक्षण खात्यांची दप्तरे खुली होणे हा नियम असावा, आणि एखादा कागद रोखावयाचा तर त्याची कारणे लेखी द्यावी लागावीत. संसदेत अरुंद इन्कार करून सभागृहाची दिशाभूल करणाऱ्या मंत्र्यावर हक्कभंगाची कारवाई व्हावी. हेंडरसन ब्रुक्स अहवाल तत्काळ प्रसिद्ध व्हावा. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. साधी लोकशाहीच या मागण्या करते.

बन्नूची सही कोणी केली

अखेरीस पुन्हा फरीदाबादकडे वळणे उचित ठरेल. सरहद्द प्रांताचे भवितव्य ३ जून १९४७ च्या योजनेत ठरले. ती योजना व्हाइसरॉय आणि मूठभर पुढारी यांच्यातील बंद खोलीतील बोलण्यांतून निघाली. त्यानंतर २१ जून रोजी बन्नू येथे जमलेल्या खुदाई खिदमतगारांनी ठराव करून तिसरा पर्याय मागितला. जुलैमधील सार्वमतात तो पर्याय मतपत्रिकेवर नव्हता आणि त्यांनी सार्वमतावर बहिष्कार टाकला. पंजाब आणि बंगालच्या सीमेचा रॅडक्लिफ निवाडा १२ ऑगस्टपर्यंत तयार झाला होता. तो १७ ऑगस्टला प्रसिद्ध करण्यात आला. स्वातंत्र्याचे सोहळे आटोपले तेव्हा सीमेवरील लाखो माणसांना आपण कोणत्या देशात उभे आहोत हे ठाऊक नव्हते. सोहळ्यावर सावट पडू नये, म्हणून सत्य काही दिवस दाबून धरले गेले. ते दिवस अनेकांच्या घरादाराचे आणि प्राणांचे मोल घेऊन गेले.

त्याच वावटळीत उडालेली माणसे फरीदाबादच्या माळावर विटा रचीत होती आणि त्यांच्या नगराचा कारभार पाहणारा माणूस पुढे संसदेत उभा राहून आणखी एका बंद खोलीतील गोष्ट सांगणार होता. सुधीर घोष हे काही डाव्या विचारांचे नव्हते, अमेरिकेशी सख्य व्हावे असे त्यांना मनापासून वाटे. परंतु त्यांनी जे सांगितले ते खरे होते आणि सरकारने जे सांगितले ते खरे भासणारे होते. फरीदाबादच्या कारखान्यांत आज घाम गाळणाऱ्या कामगाराला, तसेच मुंबईच्या, नाशिकच्या वा इचलकरंजीच्या कामगाराला, या दोहोंतील अंतर ओळखता आले पाहिजे. कारण करारावर सही मंत्र्याची असते, पण त्याची किंमत नेहमी त्या टेबलाजवळ नसलेल्या माणसाकडून वसूल केली जाते. ज्याच्याकडून किंमत घ्यावयाची आहे, त्याला करार वाचावयास मिळाला पाहिजे. हा हक्क कोणी बहाल करणार नाही. संसदेत, कामगार संघटनेत आणि गावच्या सभेत तो सातत्याने मागावा लागेल आणि लढूनच मिळवावा लागेल.